बटणाची शेकोटी, गोणीची शेकोटी

न्यू इंग्लंडमध्ये ऑक्टोबर लागला की हार्डवेअरच्या दुकानांबाहेर प्लास्टिकच्या गोण्यांच्या थप्प्या उभ्या राहतात. प्रत्येक गोणी ४० पौंडांची, म्हणजे साधारण १८ किलोंची. आत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या असतात, सहा मिलिमीटर जाडीच्या, इंच-दीड इंचापर्यंत लांबीच्या. यांनाच पेलेट म्हणतात. त्याच सुमाराला घरी प्रोपेनचं हंगामातलं पहिलं बिल येऊन पडतं. गोण्या आणि बिल एकाच आठवड्यात समोर आले की दिवाणखान्यातल्या गॅसच्या शेकोटीकडे माणूस जरा संशयाने पाहायला लागतो. ही काढून पेलेटचा स्टोव्ह बसवला तर?

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी उपनगरात घर घेतलं आणि घराबरोबर अशी शेकोटीही पदरात पडली. बटण दाबायचं, काचेमागे सिमेंटच्या ओंडक्यांवर ज्योत नाचते, पाहुणे खूश होतात. खोली गरम होते, पण बिल आलं की हौस निवते. त्यामुळे हा प्रश्न आपल्याही बैठकीत निघतो, आणि त्यावर दोन्हीकडचे विक्रेते जे सांगतात ते ऐकून गोंधळ वाढतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात पाइपने नैसर्गिक वायू येत असेल तर पैसे वाचवण्यासाठी हा बदल करू नये. अंगणात प्रोपेनची टाकी असेल तर जरूर विचार करावा, मात्र रोज राख काढणारं आणि गोण्या उचलणारं घरात कोण आहे, ते आधी ठरवावं.

पण त्याच्याही आधी भिंतीत काय आहे ते पाहायला हवं. बहुतेकांची फसगत इथेच होते.

इन्सर्ट म्हणजे विटांच्या जुन्या शेकोटीच्या पोकळीत सरकवून बसवलेली बंद पेटी. मागे खरी शेकोटी, वर विटांची खरी चिमणी. असं असेल तर गॅसची पेटी बाहेर ओढून त्या जागी पेलेटचा इन्सर्ट बसवणं शक्य असतं. मापं जुळली पाहिजेत, एवढंच. परंतु गेल्या चाळीसेक वर्षांत बांधलेल्या घरांत पुष्कळदा ही पोकळी विटांची नसतेच. ती कारखान्यात बनलेली पत्र्याची पेटी असते, लाकडी चौकटीत बसवलेली, आणि तिच्या तोंडावर पातळ दगड चिकटवून तिला विटांच्या शेकोटीचं रूप दिलेलं असतं. तिची परीक्षा केवळ गॅससाठी झालेली असेल, तर तिच्यात पेलेटचा इन्सर्ट ठेवणं म्हणजे पत्र्यामागच्या लाकडाला रोज थोडं थोडं शेकणं. ओळखायचं कसं? अंगणात जाऊन वर पाहावं. चिमणी विटांची आहे, की साइडिंगने मढवलेला चौकोनी खोका आणि त्यावर पत्र्याची टोपी? मग आत येऊन खालची जाळी उघडावी आणि बॅटरी मारून आतल्या धातूच्या पट्टीवरचा मजकूर वाचावा. कोणतं इंधन चालतं ते त्यावर लिहिलेलं असतं. पट्टीवर फक्त गॅस असेल तर ती अख्खी पेटी काढून चौकट नव्याने बांधावी लागते, किंवा ती शेकोटी तशीच सोडून दुसऱ्या भिंतीशी सुटा पेलेट स्टोव्ह उभा करावा लागतो. बहुतेक वेळा दुसरा मार्ग स्वस्त पडतो. या पट्टीकडे न बघता दुकानात पैसे भरून येणारे लोक पुष्कळ आहेत.

धुराच्या नळीचीही गोष्ट अशीच. डायरेक्ट व्हेंट प्रकारच्या गॅस इन्सर्टला चिमणीतून सहसा तीन-तीन इंचांच्या दोन लवचिक अॅल्युमिनियमच्या नळ्या वर जातात. एकीतून हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. या नळ्या पेलेटला चालत नाहीत. पेलेटच्या धुरात उडणारी राख असते, आम्ल असतं, आणि पंखा तो दाबाने ढकलत असतो. त्यामुळे जुन्या नळ्या काढून स्टेनलेस स्टीलचा, बहुधा चार इंची लायनर चिमणीच्या टोकापर्यंत न्यावा लागतो. गॅसच्या आधी त्या चिमणीत कधी लाकूड जळलं असेल तर जुनं क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरी थर, खरवडून घेणंही आलं. सुट्या स्टोव्हची नळी भिंतीतून थेट बाहेर काढता येते. मात्र ती उघडणाऱ्या खिडकी-दारापासून साधारण चार फूट लांब हवी. गॅसची लाइन बंद करण्याचं काम मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं लागतं, आणि स्टोव्ह बसवायला गावच्या इमारत निरीक्षकाचा परवाना लागतो. विमा कंपनीला कळवणं लोक विसरतात. घन इंधनाचा स्टोव्ह घरात आहे हे तिला आग लागल्यावर कळलं, तर पुढची पत्रापत्री सुखाची नसते.

स्टोव्ह चालतो कसा, हे एकदा शेजारी बसून पाहावं. बटण दाबलं की आधी धूर ओढणारा पंखा घरघरायला लागतो. मग ऑगर, म्हणजे पिळाचा दांडा फिरतो आणि वरच्या हॉपरमधल्या कांड्या टपटप करत छोट्या लोखंडी भांड्यात पडतात. बंबात ढलप्या सारणाऱ्या हाताचं काम इथे हा ऑगर करतो. भांड्याच्या तळाशी विजेवर तापणारी एक कांडी असते. तिच्यावरून येणारी हवा पेलेटला लागते. पहिली काही मिनिटं काचेमागे नुसता पांढुरका धूर कोंदतो आणि आता हे विझणार असं वाटतं. मग एकाएकी भडका उडतो, धूर नाहीसा होतो आणि ज्योत उभी राहते. ती गॅसच्या ज्योतीसारखी निवांत नसते. घाईची, सतत थरथरणारी असते. थोड्या वेळाने दुसरा पंखा सुरू होऊन खोलीत गरम हवा सोडतो. दोन पंख्यांची घरघर आणि कांड्यांची टपटप हिवाळाभर सोबतीला राहते. त्या खोलीत टीव्ही पाहणारे आवाज वाढवतात; वाचणाऱ्यांची मात्र पंचाईत होते.

ही कल्पना अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातली. सत्तरच्या दशकातल्या तेलाच्या टंचाईनंतर लाकूड-गिरण्यांतल्या भुशाचं काय करता येईल, याचा विचार तिथे जोरात सुरू झाला. बोइंगमध्ये काम केलेले वैमानिकी अभियंते डॉ. जेरी व्हिटफील्ड यांनी ऐंशीच्या दशकात घरगुती पेलेट स्टोव्ह बाजारात आणला. भुसा वाळवून दाबला की लाकडातलंच लिग्निन उष्णतेने मऊ होतं आणि कांडी धरून ठेवतं; वेगळा डिंक लागत नाही. ओलावा दहा टक्क्यांच्या आत असतो, त्यामुळे ओल्या सरपणाचा धूर इथे होत नाही. चांगल्या प्रतीच्या मालात राख एक टक्क्याहून कमी असावी, असा अमेरिकेतल्या उत्पादक संघटनेचा निकष आहे. गोणी रिकामी झाल्यावर तळाशी किती भुकटी उरली ते पाहावं. वाटीभर भुकटी निघाली तर पुढच्या खेपेला दुसरा माल घ्यावा, कारण भुकटी ऑगरभोवती साचते आणि कडाक्याच्या रात्री स्टोव्ह अडतो.

आता पैसे. इथे भावना बाजूला ठेवून आकडेमोड करायला हवी. पुढचे दर उदाहरणादाखल धरले आहेत, आपापल्या गावचे घालून हिशेब पुन्हा मांडावा.

अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे ५० गोण्यांचा. एका टनात सुमारे १ कोटी ६४ लाख बीटीयू उष्णता असते. स्टोव्हची कार्यक्षमता ७८ टक्के धरली तर खोलीत १ कोटी २८ लाख उतरते. टनाला ३५० डॉलर पडले तर दहा लाख बीटीयूची किंमत झाली २७ डॉलर. प्रोपेनच्या गॅलनमध्ये ९१,५०० बीटीयू असतात. ७५ टक्के कार्यक्षमता आणि गॅलनला ३.३० डॉलर धरले तर तेवढ्याच उष्णतेला ४८ डॉलर लागतात. फरक ढळढळीत आहे. पण पाइपच्या गॅसचं गणित लावा. एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू, दर १.८० डॉलर असला तरी दहा लाखांना २४ डॉलर, आणि जिथे थर्म एका डॉलरच्या आसपास मिळतो तिथे १३ डॉलर. म्हणजे महाग गॅसच्या गावातही पेलेट हरतं, स्वस्त गॅसच्या गावात तर स्पर्धाच नाही.

प्रोपेनवाल्याचंही गणित शेवटपर्यंत न्यावं. समजा, शेकोटीत हिवाळ्यात ५०० गॅलन जळतात. खर्च १,६५० डॉलर. तेवढ्याच उष्णतेला पेलेट लागेल २.७ टन, म्हणजे सुमारे ९४० डॉलर. वर्षाला ७०० डॉलर वाचले. स्टोव्ह, लायनर, मजुरी आणि परवाना मिळून साडेसहा हजार डॉलर लागले तर ते वसूल व्हायला नऊ वर्षं जातात. वर्षाकाठी सफाईला माणूस बोलावला तर आणखी. ७५ टक्के किंवा अधिक कार्यक्षमतेच्या स्टोव्हवर केंद्र सरकारची ३० टक्क्यांची, जास्तीत जास्त २,००० डॉलरची करसवलत होती, पण तिची मुदत २०२५ च्या डिसेंबरअखेर संपली. जुन्या जाहिराती अजून तिच्यासकट हिशेब मांडतात, तिकडे लक्ष ठेवावं.

हिशेबाच्या वहीत न येणारा खर्च अंगमेहनतीचा. २.७ टन म्हणजे १३५ गोण्या. त्या गॅरेजमध्ये कोरड्या जागी रचायच्या, कारण पाणी लागलं की पेलेट फुगून पुन्हा भुसा होतो, आणि मग एकेक करून दिवाणखान्यात आणायच्या. कडक थंडीत दिवसाला एक गोणी सहज लागते. रोज किंवा दिवसाआड स्टोव्ह थंड करून भांड्यातली खरवड काढायची. राखेतल्या खनिजांचे वितळून कडक झालेले खडे भोकं बुजवतात आणि ज्योत मलूल, पिवळी-केशरी होते. खडे काढले की लगेच सुधारते. आठवड्याला राखेचा ट्रे रिकामा करायचा, काच पुसायची. साध्या घरगुती व्हॅक्यूमने गरम राख ओढायची नाही. त्यासाठी धातूचा वेगळा असतो. हे काम अवघड नाही, पण ते रोजचं आहे. नोकरीनिमित्त दोघं बाहेर, मुलं कॉलेजात आणि हिवाळ्यात दोन महिन्यांसाठी भारतात जाणारं घर असेल, तर या स्टोव्हवर घर सोडून जाता येत नाही. भारतातून राहायला आलेल्या सत्तरीच्या आईवडिलांनी १८ किलोंची गोणी उचलावी, असंही कुणी म्हणणार नाही.

वीज गेली की काय होतं, हा प्रश्न न्यू इंग्लंडमध्ये पुस्तकी नाही. १९९८ च्या जानेवारीत मेन आणि क्युबेकमध्ये, २००८ च्या डिसेंबरमध्ये न्यू हॅम्पशर आणि मॅसॅच्युसेट्समध्ये बर्फाच्या वादळांनी तारा तुटल्या आणि लाखो घरं कित्येक दिवस अंधारात राहिली. जुन्या पद्धतीची, पायलट ज्योत असलेली गॅसची शेकोटी अशा वेळी चालत राहते. तिचा पंखा बंद पडला तरी काच तापते आणि खोली निभावते. पेलेट स्टोव्ह मात्र जागच्या जागी थांबतो. ऑगर थांबला, धूर ओढणारा पंखा थांबला, आणि भांड्यात अर्धवट जळलेले पेलेट धुमसत राहिले तर थोडा धूर घरातही येतो. पेटताना तीन-चारशे वॅट, नंतर शंभरेक वॅट एवढीच त्याची गरज असल्याने बॅटरी किंवा छोटा जनरेटर पुरतो, पण तो खर्च आधीच मनात धरावा. संकटकाळासाठी म्हणून गॅस काढून पेलेट बसवणं हे तर उलटंच झालं. आणि शेकोटी कोणतीही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

आणखी एक भानगड बसवल्यानंतर पहिल्या गारठ्यात कळते. घराच्या फर्नेसचा थर्मोस्टॅट त्याच खोलीत असेल तर स्टोव्हच्या उबेमुळे त्याला वाटतं की घर पुरेसं गरम आहे. फर्नेस सुरूच होत नाही. दिवाणखान्यात माणसं स्वेटर काढून बसतात, वरच्या खोल्या गार पडतात आणि तळघरातल्या पाण्याच्या नळ्या गोठायला लागतात. थर्मोस्टॅट दुसरीकडे हलवणं किंवा फर्नेस दिवसातून काही वेळ मुद्दाम चालवणं, हे उपाय साधे आहेत, पण ते आधी सांगणारा विक्रेता विरळा.

पेलेटच्या बाजूने सर्वांत जोरात मांडला जाणारा मुद्दा स्वावलंबनाचा. गॅस कंपनीच्या हातात आपली मान कशाला, असं म्हणणाऱ्यांकडे १३ सप्टेंबर २०१८ चा दाखला असतो. त्या दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या गावांत गॅसच्या नळ्यांमध्ये वाजवीपेक्षा खूप जास्त दाब शिरला, अनेक घरांना आगी लागल्या, स्फोट झाले, एका तरुणाचा जीव गेला आणि कित्येक कुटुंबांना थंडी सुरू झाल्यावरही आठवडेच्या आठवडे गॅसशिवाय काढावे लागले. ही भीती खोटी नाही. पण पेलेटवाला स्वावलंबी असतो हेही खरं नाही. तो फक्त दुसऱ्या साखळीला बांधलेला असतो. २००८ मध्ये तेल भडकलं तेव्हा ईशान्येकडच्या राज्यांत पेलेटसाठी झुंबड उडाली आणि माल मिळेनासा झाला. घरबांधणी मंदावली की गिरण्या कमी लाकूड कापतात, भुसा कमी निघतो आणि पेलेट महागतं. युरोपात तर २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धानंतर जर्मनीत टनाचा दर ७०० युरोंच्या वर गेला. वर्षभरापूर्वी तो २५०च्या आत होता. गॅस महाग झाला म्हणून पेलेटकडे वळलेल्यांना पेलेटनेच चटका दिला.

हीच गोष्ट महाराष्ट्राने स्वयंपाकघरात पाहिली आहे. २००६ च्या सुमाराला बीपी या तेल कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने पेलेटवर चालणारी ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची चूल आणली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. मुख्यतः महाराष्ट्र आणि कर्नाटकात चार लाखांच्या आसपास चुली विकल्या गेल्या. चूल चांगली होती, धूर कमी होता. पण बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, आणि शेतातल्या काडीकचऱ्याला इतर गिऱ्हाइकं मिळाली, कच्चा माल महागला, पेलेटचा भाव चढत गेला आणि घराघरांतल्या चुली माळ्यावर गेल्या. त्या चुलीत दुसरं काही नीट जळत नव्हतं. अमेरिकेतल्या स्टोव्हचंही तसंच आहे: त्यात ओंडका घालता येत नाही, अंगणात पडलेल्या फांद्या घालता येत नाहीत. सरपणाचा साधा लोखंडी स्टोव्ह घेणाऱ्याला जे खरं स्वातंत्र्य मिळतं ते पेलेटवाल्याला मिळत नाही.

हवेच्या बाबतीत दोन्ही बाजू अर्धंच बोलतात. नैसर्गिक वायू जमिनीखालचा, त्याच्या गळतीतला मिथेन वीस वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो, हे बरोबर. गिरणीच्या भुशापासून पेलेट होत असेल तर तो भुसा नाहीतरी कुजणारच होता, हेही बरोबर. याउलट, सबंध झाडं कापून वीजकेंद्रांसाठी पेलेट करणाऱ्या कारखान्यांवरून अमेरिकेच्या दक्षिणेत मोठा वाद आहे. तो घरगुती गोणीवर जसाच्या तसा लादू नये. पण गल्लीतल्या हवेचा विचार केला तर गॅसच स्वच्छ. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या नियमानुसार मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या पेलेट स्टोव्हने ताशी दोन ग्रॅमहून जास्त सूक्ष्म कण सोडायचे नाहीत. जुन्या लाकडी स्टोव्हच्या तुलनेत हे फारच कमी आहे. मोंटाना राज्यातल्या लिबी या डोंगरांनी वेढलेल्या गावात २००५ ते २००७ दरम्यान सुमारे अकराशे जुने स्टोव्ह बदलले, तेव्हा हिवाळ्यातली हवा लक्षणीय सुधारली. मात्र तिथे जुना लाकडी स्टोव्ह काढला जात होता. गॅसची शेकोटी काढून पेलेट बसवणारा उलट्या दिशेने चालतो. त्याच्या चिमणीतून आधी जे कण येत नव्हते ते आता येणार. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात हवा बिघडलेल्या दिवशी घन इंधन जाळायला बंदी असते, आणि ती पेलेटलाही लागू होते. तिथल्या मराठी मंडळींनी तर या फंदात पडूच नये. तशीही तिथली थंडी ती काय!

या जुन्या भांडणात आता तिसरा शिरला आहे, तो हीट पंप. चांगला पंप एका युनिट विजेवर अडीच-तीन युनिट उष्णता घरात आणतो. वीज युनिटला १५ सेंट असेल तर दहा लाख बीटीयू १६ डॉलरच्या आसपास पडतात; न्यू इंग्लंडच्या ३० सेंटच्या दराने ३२ डॉलर, म्हणजे पेलेटपेक्षा थोडे जास्त, प्रोपेनपेक्षा पुष्कळ कमी. गोणी नाही, राख नाही, उन्हाळ्यात तोच पंप घर गार ठेवतो. ज्यांना फक्त बिल कमी करायचं आहे त्यांनी प्रोपेनची शेकोटी सणासुदीला ठेवून रोजच्या उबेसाठी पंपाची चौकशी आधी करावी, असं मला वाटतं. मग पेलेट कुणासाठी? घरी बहुतेक वेळ कुणीतरी असणाऱ्यांसाठी, वीज महाग आणि पाइपचा गॅस नसलेल्या गावांसाठी, कोरडं गॅरेज असणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना समोर खरं लाकूड जळताना पाहायची हौस आहे त्यांच्यासाठी. शेवटचं कारण हिशेबात बसत नाही, पण ते खोटंही नाही.

ज्यांचा निर्णय पक्का झाला त्यांनी गॅसची लाइन उपटून टाकू नये. व्हॉल्व्ह ठेवून तिचं तोंड परवानाधारकाकडून बंद करून घ्यावं आणि जुन्या इन्सर्टची कागदपत्रं फाइलला लावून ठेवावीत. पाचसात वर्षांनी घर विकायला काढलं, तर बटणाची शेकोटी मागणारं गिऱ्हाईक गोणीची मागणाऱ्यापेक्षा लवकर भेटतं.